आठ फुटांत शकुंतला

शकुंतला म्हणजे आमच्याकडची अरुंद रुळांची रेल्वे. मूर्तिजापूर ते यवतमाळ हे तिचं अंतर 113 किलोमीटर. त्याला 87 ने भागलं की तेराशे मीटर येतात. म्हणजे 1:87 या मापात सगळ्या लाइनीचं मॉडेल घरी मांडायचं म्हटलं, तर हॉलमधून निघालेला रूळ अंगण, गल्ली, किराणा दुकान, मारुतीचं देऊळ असं करत गावाबाहेर जाईल. माझ्याकडे जागा आहे आठ फूट बाय दोन फूट. प्लायवूडची अख्खी शीट मधोमध फाडली की अशा दोन पट्ट्या निघतात. सुताराने फाडून दिली आणि विचारलं, “कायले पायजे भाऊ, ओट्यावर टाकाले?” म्हटलं, यावर दारव्हा स्टेशन बसवायचंय. त्यानं करवत खाली ठेवली आणि स्वतःच्या मामाची एक गोष्ट सांगितली. आमच्या जिल्ह्यात शकुंतलेचं नाव काढलं की हे असं होतं. पैसे घ्यायला माणूस दहा मिनिटं थांबतो, पण गोष्ट सांगून घेतो.

आधी माप. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने 1897 साली सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे याच मापाची. आपल्याकडची माथेरानची गाडी त्याहून अरुंद, दोन फुटी. 762 ला 87 ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर होतात. 9 मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. ते खरं तर आणखी छोट्या मापातल्या मोठ्या गाड्यांसाठी बनतात, पण त्यावर 1:87 चं अंग चढवलं की अरुंद गाडी तयार होते. युरोपातले हौशी लोक वर्षानुवर्षं हेच करतात. एक सोय अशी, की हे रूळ नऊ इंच त्रिज्येच्या वळणावरही वळतात, त्यामुळे दोन फुटी पट्टीत हात-पाय हलवायला जागा उरते. आपल्याकडे छोट्या गाड्यांची हौस काय थराला जाते ते पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, 1998 पासूनचं. तिथली गाड्यांची लगबग बघून मी थक्क झालो, आणि बाहेर पडताना ठरवलं की आपल्याला असं काही करायचं नाही. आपल्याला दिवसातून एकदा येणारी आणि तीही उशिरा येणारी गाडी हवी.

स्टेशन कोणतं घ्यायचं? मूर्तिजापूर मोठं, तिथे ब्रॉडगेजही आली, म्हणजे पट्टी दुप्पट. यवतमाळ सोपं, कारण तिथे रूळ संपतात. संपणाऱ्या स्टेशनाचा नकाशा करायला डोकं लागत नाही. कारंजा, लाडखेड, लिंगटी, तपोना ही वाटेवरची स्टेशनं गोड आहेत, पण तिथे गाडी थांबायची आणि निघायची, एवढंच. मला हवं होतं दारव्हा मोतीबाग. तिथून एक फाटा दिग्रसमार्गे पुसदला जायचा. तो फाटा माझ्या वडिलांनीही पाहिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याचे रूळ उपटून नेले असं घरात ऐकत आलो. आजोबा म्हणायचे, “इंग्रजाले लोखंड पायजे होतं. आमची गाडी नेली अन् तिकडं तोफ केली.” रुळाची तोफ होत नसते हे मला शाळेतच कळलं होतं, पण आजोबांना ते सांगायची छाती नव्हती.

ही लाइन झाली कापसासाठी. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली, पण ती आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेकडून निघून गेली. यवतमाळच्या काळ्या जमिनीतला कापूस बैलगाडीने धामणगावला न्यायचा आणि तिथे रेल्वेत चढवायचा. आजोबांचे वडील या धामणगावच्या फेऱ्यांतले. पंधरा-वीस गाड्यांचा तांडा रात्री निघायचा, पुढच्या गाडीखाली कंदील, मागचे गाडीवान झोपलेले, बैल आपले चालताहेत. एकदा म्हणे कुणीतरी खोडसाळपणे पहिल्या गाडीचे बैल वळवून ठेवले आणि अख्खा तांडा पहाटे पुन्हा गावाच्या वेशीत येऊन उभा राहिला. ही गोष्ट मी निदान तीन तालुक्यांत ऐकली आहे, प्रत्येक ठिकाणी ती त्यांच्याच गावात घडलेली.

1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं आणि इथल्या कापसात मुंबईच्या इंग्रजी पेढ्यांना जास्तच रस वाटू लागला. किलिक-निक्सन ही त्यांतलीच एक. तिने 1910 मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार जीआयपी, असा करार झाला. पुढे जीआयपी सरकारजमा झाली, 1951 मध्ये तिची मध्य रेल्वे झाली, देशभरच्या रेल्वे कंपन्या गेल्या, पण हा करार मुदतवाढ घेत घेत चालूच राहिला. स्वतंत्र भारतातली खासगी रेल्वे म्हणून दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रांत बातमी यायची, सोबत वर्षाला सव्वा कोटीच्या घरातल्या रॉयल्टीचा आकडा. या बातमीचा मला मनापासून कंटाळा आहे. ती वाचून मुंबई-दिल्लीची माणसं हळहळली, पण एक स्लीपर बदलली गेली नाही.

एवढा इतिहास कागदावर मिळतो. पण कागदावरून स्टेशन बांधता येत नाही. फलाट कुठल्या बाजूला होता? मालधक्का किती लांब? गोदामाचं दार रुळाकडे उघडायचं की रस्त्याकडे? यासाठी म्हाताऱ्या माणसांकडेच जावं लागलं.

आणि इथे मला एक गोष्ट कळली, जी इतिहासाच्या तासाला कुणी शिकवली नव्हती. म्हाताऱ्या माणसाला “तेव्हा कसं होतं?” असं विचारू नये. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : लई मजा होती, माणसं चांगली होती, चार आण्यात पोटभर. ते उत्तर त्यांनी शंभरदा दिलेलं असतं. त्याऐवजी, मी घरातल्या मोठ्या आईला विचारलं तसं विचारावं, “मोठी आई, गाडीतून उतरल्यावर पाण्याचा नळ कुठल्या हाताला होता?” ती डोळे मिटते. हात उजवीकडे जातो, थांबतो, डावीकडे येतो. मग म्हणते, “थांब. माझ्या कडेवर तुझी आत्या होती. डाव्या कडेवर. अन् उजव्या हातानं मी नळ दाबला. म्हंजे उजवीकडं.” नळ सापडला, आणि त्याबरोबर कडेवरची आत्या सापडली, तिला ताप होता हे सापडलं, तिला कारंज्याला कुणाला दाखवायला नेलं होतं हे सापडलं. पुढचा अर्धा तास मी वहीत रेल्वेचं काहीच लिहिलं नाही.

मोठी आई कारंज्याची. लग्न होऊन ती याच गाडीने दारव्ह्याला आली. वरात गाडीत, वाजंत्रीही गाडीतच, आणि सोमठाणे येईपर्यंत वाजंत्रीवाले झोपलेले. मी विचारलं, उतरली तेव्हा गाव कुठल्या बाजूला दिसलं? ती म्हणाली, “मले कसचं दिसते? डोक्यावरून पदर होता. मले फकस्त पाय दिसत होते लोकायचे. अन् खडी.” खडी कशी होती? “काळी. पायात रुतली. चप्पल कोणाले होती तवा?” माझ्या पट्टीवर फलाट रुळापेक्षा फारसा उंच नाही आणि त्याच्या कडेला काळी खडी सांडलेली आहे, ती या पदराखालच्या साक्षीवरून.

सगळेच इतके नेमके नसतात. शेजारचे मामा रेल्वेत गँगमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं म्हणणं, जिनिंगकडे जाणारी सायडिंग मूर्तिजापूरच्या बाजूने फुटायची. माझे मोठे काका शेतकरी. ते कपाशीची गाडी घेऊन वडिलांबरोबर जायचे. ते म्हणतात, नाही, यवतमाळच्या बाजूने. दोघांना समोरासमोर बसवलं. मामांनी जमिनीवर खडूने रूळ काढले. काका म्हणाले, “तुमचं बरोबर असन, पण मंग आमचे बैल रूळ वलांडून आले असते. आमचे बैल इंजिनाले भेत होते, ते रूळ कधीच वलांडत नव्हते.” मामा बराच वेळ खडूकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, “बैलाचं बरोबर असन.” मामांची साक्ष पगारी माणसाची, काकांची बैलांची. मी बैलांच्या बाजूने निकाल दिला. बोलण्यात दोन्ही सायडिंगा नांदू शकतात, प्लायवूडवर सांधा एकाच ठिकाणी बसतो.

पुसदच्या फाट्याचं तर त्याहून अवघड. तो पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आजोबा गेले तेव्हा मी हे प्रश्न विचारायच्या वयाचा नव्हतो. त्यांची एकच ओळ आठवते, की पुसदची गाडी “पल्याड” उभी राहायची. पल्याड म्हणजे फलाटाच्या की गावाच्या, ते त्यांच्याबरोबर गेलं. मी फलाटाच्या पलीकडे धरलं. तो रूळ एका टेकाडाला वळसा घालून पट्टीच्या मागे जातो आणि तिथे नाटकाच्या विंगेत नट उभा असावा तशी पुसदची गाडी आपल्या प्रवेशाची वाट पाहत थांबते.

आता काळाचा घोळ. आजोबांचं दारव्हा महायुद्धाआधीचं, मोठ्या आईचं पन्नासच्या दशकातलं, काकांचं सत्तरच्या. एका पट्टीवर तीन काळ कसे बसवायचे? जाणकार सांगतात की एक वर्ष ठरवा आणि त्याला चिकटून राहा. सल्ला योग्य आहे, पण शकुंतलेने मला त्यातून सोडवलं. तिचं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलं, 1923 मध्ये धावू लागलं आणि 15 एप्रिल 1994 ला निवृत्त झालं. त्यानंतर डिझेल आलं. म्हणजे आजोबा, मोठी आई, काका आणि शाळकरी मी, चौघांनी तेच इंजिन पाहिलं. वाटेतल्या काही सिग्नलांवर तर लिव्हरपूल आणि 1895 अशी अक्षरं होती, कंपनी जन्मायच्या पंधरा वर्षं आधीची. तेव्हा इंजिन, सिग्नल, फलाट कायम, आणि बाकीचं उचलून बदलायचं. पुसदची गाडी आणि जीआयपीच्या पाट्या ठेवल्या की 1930 चं दशक. त्या काढून फाटकापाशी लाल एसटी उभी केली आणि जिनिंगसमोर बैलगाड्यांची रांग लावली की सत्तरचं. ही रांग काकांच्या आग्रहाखातर. 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी आली आणि गाड्या मोजणीसाठी दिवस-दिवस खोळंबू लागल्या. “आम्ही तिथंच भाकर खाल्ली, तिथंच झोपलो. ते दाखव,” असं त्यांनी बजावलंय.

दाखवायचं खरं, पण बैल कुठून आणायचे? या मापातले तयार प्राणी परदेशी बनावटीचे, आणि परदेशी गायबैलांना वशिंडच नसतं. मी एक डबी मागवली, तीत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या लठ्ठ गायी निघाल्या. त्यांच्या पाठीवर एम-सीलचं वशिंड चढवलं, शिंगं तांब्याच्या तारेची केली, रंग पांढरट दिला. काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “पोट लई आहे. आमच्या बैलाले एवढं खायाले कुठी होतं?” मग कानशीने पोटं घासली. माणसांचंही तेच. हॅट-कोटातल्या प्रवाशांची हॅट कापून पागोटं, कोटाची बंडी, आणि पातळ कागद फेविकॉलमध्ये बुडवून धोतर.

माती मात्र अस्सल आहे. काकांच्या वावरातली काळी माती आणली, तव्यावर भाजली म्हणजे किडामुंगी राहत नाही, आणि मलमलच्या फडक्यातून चाळली. त्या मापाला ढेकूळ चालत नाही. पण कापसाचा ढीग खऱ्या कापसाने होत नाही, ही गंमत. चिमूटभर कापूस गोदामासमोर ठेवला तर त्याचा एकेक तंतू दोरखंडाएवढा दिसतो. बरंच काही करून पाहिल्यावर पांढरी रांगोळी कामाला आली. डिंकपाण्यावर चाळणीतून सोडली की गंजी तयार. कापसाच्या गाठी सागाच्या पट्टीचे तुकडे कापून केल्या. खरी गाठ आज 170 किलोची असते, माझी जेमतेम चौदा मिलिमीटर लांब. वर मास्किंग टेपचं गोणपाट, काळ्या दोऱ्याच्या पट्ट्या. एका वॅगनला अशा किती लागतात याचा हिशेब बायकोने केला आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून निम्म्या तिनेच बांधल्या.

कापूस निवडला म्हणजे हंगाम ठरला, मार्गशीर्ष-पौष. त्यात एक दुःख आहे. शकुंतलेच्या खिडकीतून सगळ्यांना आठवतो तो फाल्गुनातला पळस, आणि वेचणी जोरात असताना पळस फुलत नाही. बोरी मात्र लगडलेल्या दाखवता येतात. मोहापायी एक पळस फुलवून टाकावा असं दहादा वाटलं. नाही फुलवला. पऱ्हाटी पांढरी आणि पळस लाल, हे एकाच दिवशी काकांना दाखवायची हिंमत माझ्यात नाही.

गाडीच्या वेगाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उतरून बोरं वेचली आणि पुन्हा डबा गाठला, असं सांगणारा माणूस आमच्याकडे घरटी एक आहे. ही थाप असेल असं समजून मी गणित केलं. शेवटच्या काळात गाडी ताशी वीसेक किलोमीटरने चालायची. 87 ने भागल्यावर सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरदेखील होत नाहीत. माझी आठ फुटी पट्टी ओलांडायला तिला जवळजवळ चाळीस सेकंद लागले पाहिजेत. प्रत्यक्षात चढावर आणि स्टेशनाजवळ ती याहूनही रेंगाळणार. त्या वेगाने छोटं इंजिन चालवून शेजारी बोटाने माणूस चालवून पाहिला. बोरं मिळतात. मूठभर नाहीत, पण दोन-चार नक्की. हौशी लोकांच्या गाड्या सगळीकडे सुसाट पळताना दिसतात, त्यांनी एकदा हे गणित करून बघावं. बटण दाबून आपोआप चालणारा कारभारही मी ठेवलेला नाही. शकुंतलेवर अखेरीस सात माणसं सगळं बघायची : इंजिन सोडणं-जोडणं, सिग्नल, तिकिटं, सगळं. माझ्या पट्टीवर सांधा बदलायला तार ओढावी लागते आणि इंजिन डब्यापासून सोडवायला हात घालावा लागतो. मामा आले की सांधेवाल्याचं काम त्यांचं.

आणि ऊन. पुस्तकं थंड देशात लिहिलेली असतात, त्यात यवतमाळचा मे महिना नसतो. डिसेंबरातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत पारा पस्तीस अंशांनी चढतो. तेवढ्याने अडीच मीटर रूळ सव्वा-दीड मिलिमीटर लांबतो, आणि सांध्यांत फट ठेवली नसेल तर वाकतो. खऱ्या लाइनीवर फट ठेवतात ती याच कारणाने. मामांनी हे ऐकून नुसती मान हलवली, त्यांची अख्खी नोकरी त्या फटीत गेली. वाळवीसाठी पाय सागाचे केले, पावसाळ्यासाठी प्लायला दोन्ही बाजूंनी वॉर्निश दिलं, आणि वीज जाते म्हणून सगळं 12 व्होल्टच्या बॅटरीवर.

खरी शकुंतला गेल्या दशकात थांबली. कुठे रुळांवर गवत आहे, कुठे रूळही नाहीत. ब्रॉडगेज करायची घोषणा झाली, मोर्चे निघाले, निवेदनं गेली. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी ब्रॉडगेज लाइन होते आहे, 284 किलोमीटरची. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. ती यवतमाळहून पुढे दारव्हा, दिग्रस आणि पुसदला जाणार आहे. म्हणजे आजोबांच्या पुसदला पुन्हा गाडी येईल. चांगलं आहे, आणि वेळेवर येईल अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. नव्या स्टेशनांचे नकाशे सरकारी कपाटात मिलिमीटरपर्यंत असतील. जुन्यांचे फक्त सत्तरी ओलांडलेल्या डोक्यांत आहेत.

तेव्हा दारव्हा, दिग्रस, पुसद, लाडखेड, कारंजा या बाजूच्या वाचकांना एक विनंती. घरात असं माणूस असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा. गाडी कशी होती ते विचारू नका. नळ कुठल्या हाताला, बाकडं लाकडी की दगडी, तिकिटाची खिडकी केवढी, निंब किती, सावली दुपारी कुठे पडायची, पुसदची गाडी कोणाच्या पल्याड, हे विचारा. पाटीवर नाही, कागदावर काढून घ्या, खाली त्यांचं नाव आणि तारीख घाला. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही कागद ठेवा.